ताईंची भट्टी: वडोदऱ्यातील एका स्मृतिनिधीचे प्रकरण

वडोदऱ्याच्या समा भागात एका मराठी सिरॅमिक कलाकार बाईंची स्वतःची कार्यशाळा होती. विद्यार्थी त्यांना ताई म्हणत. त्यांच्याकडे बावीस वर्षे काम केलेले एक कारागीर त्यांना बेन म्हणत, आणि या कारागिरांना सगळे विद्यार्थी काका म्हणतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ताई गेल्या. वर्षश्राद्धाच्या सुमारास मुलगी आणि जुने विद्यार्थी एकत्र बसले. ताईंच्या नावाने काहीतरी करायचे, एवढे ठरले होते. मुलीचे ५,००,००० आणि विद्यार्थ्यांचे ३,४०,००० असे ८,४०,००० रुपये जमणार होते. पुढचा प्रश्न या पैशाचे काय करायचे हा होता.

पहिली सूचना वार्षिक पुरस्काराची. मृत कलाकाराच्या नावाने पैसे जमले की ही सूचना हमखास येते, म्हणून तिचा हिशेब मांडून पाहिला. सगळी रक्कम ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत घातली तर वर्षाला ५८,८०० रुपये व्याज येते. २५,००० चा पुरस्कार दिला तर उरलेले सभागृह, स्मृतिचिन्ह, पाहुण्यांचा प्रवास आणि छपाईत जातात. वर्षातली एक संध्याकाळ चांगली होते, पण त्या पैशातून मातीचे एकही भांडे भाजले जात नाही.

दुसरी सूचना होती छोटा उदेपूरकडच्या कुंभारांना विजेची चाके देण्याची. देवस्थानी वाहायचे मातीचे घोडे करणारे ते कारागीर ताईंना फार प्रिय होते, त्यामुळे यामागची भावना अगदी खरी होती. पण सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभारकाम हा १८ व्यवसायांपैकी एक आहे, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांची मदत त्यातून मिळते. जिथे सरकारी वाट आहे तिथे लहान निधीने अर्ज भरायला मदत करावी, चाक विकत घेऊन देऊ नये, असे आमचे मत आहे.

तिसरी सूचना महाविद्यालयाला देणगी द्यायची. वडोदऱ्यात हे साहजिकच सुचते. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा १९५० पासूनची, आणि ज्योत्स्ना भट्ट (१९४०–२०२०) यांनी तिथे सिरॅमिक शिकवत कितीतरी हात घडवले. पण तिथल्या विद्यार्थ्याला भट्टी मिळतेच. तो अडतो पदवी हातात पडल्यावर. चाक पंधरा-वीस हजारांत येते, माती स्वस्त आहे, पण भट्टी, तीन फेजची वीज आणि ती लावायला जागा हे एकट्याला जमत नाही. दोन-तीन वर्षे भांडी कच्चीच फळीवर राहतात आणि माणूस दुसऱ्या नोकरीला लागतो. ही गळती थांबवायची तर भाजणीचा खर्च उचलायला हवा. पुदुचेरीत १९७१ मध्ये सुरू झालेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीतून इतके कुंभार-कलाकार तयार झाले, त्याचेही एक कारण हेच, की तिथे शिकणाऱ्याला चालती भट्टी मिळाली.

त्यामुळे ठरले असे: ताईंची कार्यशाळा चालती ठेवायची आणि निधीच्या व्याजातून नवख्यांची भाजणी करायची. मुदत तीन वर्षे. त्यानंतर चालले तर पुढे, नाही तर सामान योग्य हाती देऊन बंद.

पुराने काय केले होते

हे ठरेपर्यंत २०२४ च्या ऑगस्टअखेरचा विश्वामित्रीचा पूर येऊन गेला होता. कार्यशाळेत दीड फूट पाणी दोन दिवस होते. बंद घर, विद्यार्थी आपापल्या घरातला गाळ काढण्यात, त्यामुळे काकांनी कुलूप उघडले तेव्हा आठवडा झाला होता.

नुकसान कुठे झाले हे नीट पाहण्यासारखे आहे. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेली माती वाचली. उघड्या पिंपातल्या मातीत गाळ गेला, आणि ती काकांनी सरळ बागेत टाकायला लावली. हे बरोबरच होते, कारण गाळात चुन्याचे खडे असतात. भाजताना त्यांचा कळीचा चुना होतो, मग महिन्याभराने हवेतली ओल घेऊन तो फुगतो आणि चांगल्या भांड्याचा नखाएवढा टवका उडतो. कागदी पोत्यांतले क्वार्ट्झ आणि चायना क्ले गेले. प्लास्टरचे पाट मऊ पडले. ४६ बादल्यांतले ग्लेझ (भाजल्यावर भांड्यावर काचेसारखा थर होणारे द्रावण) झाकणांमुळे वाचले, पण ४६ पैकी ३८ लेबले पाण्यात सुटून गेली.

वरच्या फळीवरच्या सात वह्या मात्र कोरड्या होत्या.

विजेची भट्टी १२ किलोवॉटची, पुढून उघडणारी, जमिनीवरच ठेवलेली. तिच्या तळाच्या हलक्या विटा स्पंजासारखे पाणी धरतात. वरून कोरडी दिसते म्हणून एका उत्साही माणसाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ती चालू करून पाहिली. गळती पकडणारा स्विच लगेच पडला, म्हणून थोडक्यात निभावले. भिजलेली भट्टी अशी चालू करायची नसते. आधी इलेक्ट्रिशियनकडून मेगरने (वीज कुठे झिरपते का हे तपासायच्या यंत्राने) बॉडी आणि कॉइलमधला रोध मोजायचा. तो इथे एक मेगाओहमच्याही खाली होता. दार उघडे ठेवून तीन आठवडे पंखा लावला, मग आत २०० वॉटचे दोन जुने पिवळे बल्ब चार दिवस सतत जळत ठेवले. रोध सुधारल्यावर रिकामी भट्टी तासाला ५० अंशांनी ६०० पर्यंत नेली आणि तशीच थंड होऊ दिली. दुरुस्तीत कॉइलचा पूर्ण संच बदलला. एकदोन कॉइल बदलल्या की नव्या-जुन्यांचा रोध वेगळा राहतो आणि भट्टी एका बाजूने गार भाजते. जुना रोध मल्टिमीटरने मोजून १० टक्के वाढला असेल तर अख्खा संच बदलावा. थर्मोकपल, म्हणजे भट्टीतले तापमान मोजणारे साधन, के प्रकारचे होते. १,२०० च्या वर वारंवार वापरले की ते म्हातारे होते आणि खरे तापमान कमी दाखवू लागते, म्हणजे भट्टी नकळत जास्त भाजते. एस प्रकारचे बसवले. तरीही दर भाजणीत वर, मध्ये आणि खाली एकेक साक्षीचा कोन (ठरावीक उष्णतेला वाकणारा मातीचा छोटा सुळका) ठेवायचाच, असा नियम केला.

भट्टी आता दोन फूट उंच ओट्यावर आहे आणि वीजफलक त्याहून वर. विश्वामित्रीच्या काठावर राहणाऱ्या कुणालाही याचे कारण सांगावे लागणार नाही.

कागदपत्रे

सार्वजनिक न्यास नोंदवला. चॅरिटी कमिशनरच्या कार्यालयात नोंदणी, मग आयकराची बारा-ए-बी (न्यासाच्या उत्पन्नाला सूट) आणि ८०-जी (देणगीदाराला सवलत) नोंदणी. देणगीदारांना दोन गोष्टी आधीच लिहून कळवल्या: रोख २,००० पेक्षा जास्त दिले तर ८०-जीची सवलत मिळत नाही, आणि मूळ निधीसाठी दिलेली रक्कम ‘कायम निधीसाठी’ असे स्वतःच्या सहीने लिहून द्यावी. हे पत्र घ्यायचे राहून गेले की तपासणीच्या वेळी ती रक्कम त्या वर्षाचे उत्पन्न धरली जाण्याची अडचण येते.

ताईंचा मुलगा परदेशी नागरिक आहे. त्याला दोन लाख द्यायचे होते. भारतीय नागरिकाने परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून पाठवलेले पैसे वेगळे, आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे पैसे घ्यायला न्यासाकडे विदेशी अंशदानाची नोंदणी लागते, आणि तिच्यासाठी संस्था साधारणपणे तीन वर्षे जुनी असावी लागते. आईच्या नावाच्या कामात आपले काहीच नको का, असे त्याने विचारले. त्या प्रश्नाला कायद्याचे कलम दाखवून भागत नाही. शेवटी कुटुंबाच्या मालकीच्या ३१० भांड्यांची छायाचित्रे आणि मोजमापांची सूची त्याने स्वतःच्या खर्चाने करवली. हे काम न्यासाचे नाही, कुटुंबाचे आहे, आणि पुढे फार उपयोगी पडणार आहे. कलाकृतींचा कॉपीराइट हक्क कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे वारसांकडे असतो, तो कशावर आहे हे अशा सूचीनेच सिद्ध होते.

वीज मीटर ताईंच्या नावावर, घरगुती दराचा, सहा किलोवॉट मंजूर भाराचा. त्यावर शुल्क घेऊन भट्टी चालवणे चूक. आधी वारसांच्या नावे बदल, मग १५ किलोवॉटची तीन फेजची वेगळी व्यावसायिक जोडणी. १२ किलोवॉटची भट्टी तीन फेजवर दर फेजला साधारण १७ अँपिअर घेते, म्हणून ३२ चा एमसीबी आणि त्याला शोभणारी वायर. दोन्ही वारसांकडून जागेचा तीन वर्षांचा नोंदणीकृत करार केला. असे करार तोंडी ठेवले की पहिल्या मतभेदात सगळे सामान रस्त्यावर येते.

पैसा कुठे गेला

६,००,००० कायम निधी म्हणून ठेवीत. उरलेल्या २,४०,००० पैकी भट्टीची दुरुस्ती ७८,०००, ओटा आणि वीजफलक ५४,०००, भट्टीत भांडी मांडायच्या फरश्या आणि टेकू ३६,०००, कच्चा माल ३२,०००, नोंदणी आणि सीए यांचे २५,०००. हाती राहिले १५,०००.

ठेवीचे व्याज ७ टक्क्यांनी वर्षाला ४२,०००. पहिल्या भाजणीला, म्हणजे बिस्कला, साधारण ५५ युनिट आणि १,२२० अंशांच्या ग्लेझ भाजणीला ८० युनिट लागतात. युनिटला आठ रुपये धरले आणि कॉइल झिजण्याचे काही पैसे त्यात घातले तर बिस्क ६०० ला, ग्लेझ ९०० ला पडते. जोडी १,५००. म्हणजे एका वर्षाच्या व्याजात २८ जोड्या. दोन नवख्यांना प्रत्येकी १४ द्यायच्या, असा सरळ भागाकार केला. स्मृतिनिधीचा हिशेब असा भाजणीच्या मापात मांडला की देणगीदाराला आपला पैसा दिसतो. पाच हजार देणाऱ्याला ‘तुमच्या तीन जोड्या’ असे सांगता येते.

काकांचा पगार यातून निघत नाही, आणि हीच बाब पहिल्या मसुद्यात राहून गेली होती. आठ सभासद महिना २,५०० देऊन कार्यशाळा वापरतात. त्या वर्गणीच्या वर्षाला २,४०,००० मधून काकांचे आठवड्याला तीन दिवस, दिवसाचे ९०० रुपये, म्हणजे वर्षाचे १,४०,४०० आणि बाकीचा चालू खर्च भागतो. ‘काका तर घरचेच’ म्हणून त्यांना मानधन न देण्याची सूचना आली होती. ती नाकारली गेली हे या प्रकरणातले सर्वांत योग्य पाऊल होते. भट्टी भरणारा हात नसेल तर निधी बँकेतच राहतो.

बादल्या आणि वह्या

पहिल्या ग्लेझ भाजणीत घात झाला. हिरव्या झाकणाच्या बादलीतले ग्लेझ काकांनी ओळखले, घोटले, चाळले आणि दोन मुलींनी आपले पेले त्यात बुडवले. भाजून निघाले तेव्हा ग्लेझ खाली वाहून पेले फरशीला चिकटले होते. दोन फरश्या गेल्या. काकांची ओळख चुकलेली नव्हती. चौदा-पंधरा महिन्यांत झाकणातून पाणी उडून ग्लेझ दाट झाले होते. १०० मिलिलिटरचे वजन १४५ ग्रॅम भरायला हवे, ते १६५ भरले. दाट ग्लेझ तेवढ्याच वेळात भांड्यावर जवळजवळ दुप्पट चढते. आता दर बादलीजवळ मोजपात्र आणि वजनकाटा असतो, फरश्यांना चायना क्ले आणि अॅल्युमिना निम्मे-निम्मे घेऊन लेप असतो, आणि नवखे ग्लेझ आधी छोट्या मातीच्या ताटलीवर ठेवूनच भाजले जाते.

जी बादली काकांनाही ओळखता आली नाही, ती वापरायची नाही असे ठरले. अशा नऊ निघाल्या. शिवाय एका बरणीत केशरी-लाल भुकटी होती. लोखंडाचा गेरू वाटावी अशी, पण हातात घेतल्यावर फारच जड. जुन्या कार्यशाळांत शेंदूर, म्हणजे शिशाचा ऑक्साइड, अजून सापडतो. तो नाल्यात टाकायचा नाही आणि कुणाला द्यायचाही नाही. बरणी बंद करून, लेबल लावून, घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे दिली. खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी ज्या जुन्या ग्लेझची घडण माहीत नाही, त्याला हीच शिस्त लावावी. याच साफसफाईत कोरडा झाडू बंद केला. गाळ आणि क्वार्ट्झची धूळ फुप्फुसात बसते आणि निघत नाही, म्हणून ओले पोतेरे आणि मास्क.

वह्या हा सगळ्यांत समृद्ध भाग. ताईंची काही ग्लेझ सोपी होती. ‘फे ४० क्वा ३० व्हा २० चा १०’ हे कुठल्याही कुंभार-कलाकाराला कळते: फेल्डस्पार (ग्लेझ वितळवणारे खनिज), क्वार्ट्झ, व्हाइटिंग (चुनखडीची भुकटी), चायना क्ले. पण त्यांचा प्रसिद्ध हिरवा, ज्याने त्यांचे पेले लांबून ओळखू येत, तो पाचव्या वहीत असा लिहिला होता: ‘फे ४० था २० रा चि २ धु ४०’. ‘था’ म्हणजे सौराष्ट्रातल्या थानची बॉल क्ले (चिकट माती), हे लागले. पुढचे कुणाला लागेना. एका विद्यार्थिनीने ओळ काकांना वाचून दाखवली. ते म्हणाले, “राख. चिंचेची. दोन धुण्याची.” मग त्यांनी मागच्या अंगणातले दोन माठ दाखवले. राख पाण्यात ढवळायची, रात्रभर बसू द्यायची, वरचे निवळ ओतून टाकायचे, हे दोनदा. धुताना विरघळणारा क्षार निघून जातो. न धुतलेली राख हात जाळते आणि ग्लेझही लवकर वितळवते. तीनदा धुतली तर ग्लेझ कोरडे राहते, असे बेन म्हणत, एवढीही माहिती काकांकडून मिळाली. वहीतला ‘२’ हा तो आकडा.

चिंचेची राख मिळाली, तरी पहिल्या चाचणीत ग्लेझ बारीक तडकले. जुनी पोटॅशची फेल्डस्पार संपली होती आणि नव्या पोत्यातली सोड्याची निघाली. सोडा थंड होताना जास्त आकसतो, मातीपेक्षा ग्लेझ लहान पडते आणि तडे जातात. चाचणीच्या पाच पट्ट्या केल्या. मूळ घडण, मग क्वार्ट्झ ५, १०, १५, २० वाढवत. तडे पंधरावर थांबले. तरी सूत्र बदलायचे नाही, पोटॅशची फेल्डस्पारच आणायची, असे ठरले. ताईंच्या वहीशी इमान राखायचे तर माल त्यांचा हवा. क्वार्ट्झ वाढवून केलेले ग्लेझ चांगलेच आहे, पण त्याला वेगळे नाव द्यावे. पोटॅशची आली आणि तडे नाहीसे झाले.

हिरवा मात्र आला नाही. विजेच्या भट्टीत हवा खेळती असते, त्यामुळे राखेतले लोह पिवळसर मधाचा रंग देते. हिरव्याला धुराची, म्हणजे कमी हवेची भाजणी लागते, आणि ती अंगणातल्या गॅसभट्टीतच होते. वस्तीतली जागा म्हणून गॅसभट्टी पहिल्या वर्षी बंद ठेवायचे ठरले होते. त्यावर दोन बैठका झाल्या. एक गट म्हणे, ताईंचा रंगच येत नसेल तर ही कार्यशाळा त्यांची कशी. दुसरा म्हणे, शेजारी काय म्हणतील. तोडगा निघाला तो असा: वर्षातून दोनच गॅस भाजण्या, थंडीत, दिवसा, शेजाऱ्यांना आधी सांगून. १०० किलोपर्यंत गॅस ठेवायला परवाना लागत नाही. १९ किलोच्या तीन टाक्या एकाच नळीवर जोडल्या, कारण एकाच टाकीतून जोरात गॅस ओढला की ती गोठते आणि ऐन १,१०० अंशांना दाब पडतो. ज्योत विझली तर गॅस तोडणारी झडप नवी बसवली. एका भाजणीला अडीच टाक्या, तेव्हाच्या १,८०० प्रमाणे ४,५०० रुपये. हा खर्च व्याजातून नाही, त्या भाजणीत भांडी ठेवणाऱ्यांकडून.

ठसा

ताईंच्या भांड्यांच्या बुडाला बोराएवढा चंद्रकोरीचा ठसा असे. लाकडी ठसा अजून खणात होता. विक्रीसाठी तो नव्या भांड्यांवर वापरावा, त्याने कार्यशाळा चालेल, अशी सूचना दोघांनी केली. त्यांचा हेतू चांगला होता. तरी हे होऊ नये, आणि झालेही नाही. ठसा म्हणजे हे भांडे या हातातून उतरले याची साक्ष. तो दुसऱ्याच्या भांड्यावर उमटला की ताईंच्या खऱ्या भांड्यांचीही खात्री जाते, आणि नवख्याला स्वतःची खूण शोधावीच लागत नाही. ठसा मुलीकडे गेला. नवखे आपापली अक्षरे कोरतात.

दोन नवख्यांपैकी एक वडोदऱ्याची आहे, दुसरा सावली गावाकडच्या कुंभार घरातला. त्याचे आजोबा माठ करत, वडिलांनी सोडले. त्याने पहिल्याच महिन्यात दीड इंच जाड घोडा भाजायला घातला आणि तो फुटून भट्टीतल्या एका कॉइलला लागला. बाहेरून वाळलेली जाड माती आत ओली असते, वाफेला वाट मिळत नाही. आता दोन बोटांपेक्षा जाड काहीही असेल तर आदल्या रात्री ८० ते ९० अंशांवर दार किंचित उघडे ठेवून शेकायचे, आणि जुलै ते सप्टेंबर दमट हवेत वाळवणीचे दिवस दुप्पट धरायचे. त्याने घोडा पुन्हा केला, या वेळी आतून पोकळ, पोटाला काडीने भोक पाडून. तो नीट भाजला.

जानेवारीत गॅसभट्टी पेटली. काकांनी ९०० अंशांना हवेचे दार अर्ध्यावर आणले आणि भट्टीच्या भोकातून बाहेर येणारी ज्योत पिवळी, आळसावलेली ठेवली. त्यांनी मीटर कमी पाहिला, ज्योत जास्त. नववा कोन पडल्यावर दहावा वाकेपर्यंत थांबले आणि मग बंद केले. दुसऱ्या दिवशी सकाळी वीट काढून पट्टी क्रमांक ३१ बाहेर घेतली. चिंचेची राख, दोन धुण्याची. तिच्या कडेला ग्लेझ पातळ झाले होते तिथे तपकिरी, आणि खोबणीत साचले होते तिथे तोच हिरवा. काकांनी ती फडक्यात धरून घरातून ताईंचा एक जुना पेला मागवला आणि दोन्ही उन्हात शेजारी ठेवली. मग वहीच्या त्या ओळीपुढे विद्यार्थिनीकडून तारीख, टाक्यांची संख्या आणि ‘फे पोटॅश’ एवढे लिहून घेतले.